पिल्लू सोडा, नाहीतर बीज सोडण्याचं नाटक तरी सोडा

मागच्या आठवड्यात उजनीच्या काठावर एका ओळखीच्या मामांसोबत चहा घेत बसलो होतो. मामा भोई समाजाचे. साठीच्या पुढचे. उजनीचं पाणी पहिल्यांदा चढलं तेव्हापासून होडीत आहेत. बोलता बोलता मी त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं लेक फोर्क नावाचं तळं. वसंताचे दिवस. एका माणसाच्या गळाला बास जातीचा मासा लागतो, चांगला तीन किलोचा. तो माणूस मासा पट्टीवर ठेवून मोजतो, फोटो काढतो आणि हळूच परत पाण्यात सोडून देतो.

मामा म्हणाले, "येडं हाय का खुळं हे? परत लाव."

परत लावला. मामांनी पुन्हा पाहिला आणि विचारलं, "सोडला नसता तर काय झालं असतं?"

मी म्हणालो, "दंड. त्या तळ्यात या मापाचा मासा घरी न्यायला बंदी आहे."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् आमी सोडला तर उपास. त्यो मागनं येणारा काय सोडणार हाय व्हय?"

मित्रांनो, आपल्या धरणांतल्या मासेमारीवर वीस वर्षांत मी जेवढं लिहिलं, त्यापेक्षा जास्त या एका वाक्यात आहे. "त्यो मागनं येणारा काय सोडणार हाय व्हय?" म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

आधी त्या टेक्सासच्या तळ्याचं सांगतो. गंमत म्हणजे उजनी धरण पूर्ण झालं १९८० साली आणि लेक फोर्कचं पाणी अडवलं तेही १९८० साली. दोन्ही माणसाने बांधलेली, दोन्हींचं मूळ काम पाणी पुरवणं. लेक फोर्क आहे साधारण २७ हजार एकरांचं. आपलं उजनी भरलं की त्याच्या दुपटीहून मोठं. एकूण साठा ११७ टीएमसी. म्हणजे पाणी आपल्याकडेच जास्त.

फरक पुढे सुरू होतो. तिथल्या मत्स्य खात्याने तळं भरायच्या आधीच, बुडणाऱ्या भागातल्या लहान तळ्यांमध्ये फ्लोरिडाच्या जातीचे बास वाढवायला सोडले. पाणी चढलं तसे ते मोठ्या तळ्यात पसरले. पुढे त्यांनी एक साधा नियम लावला. १६ इंचांपेक्षा लहान बास घरी न्या, चालेल. २४ इंच किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच न्या. पण १६ ते २४ इंचांच्या मधला मासा जिथल्या तिथे सोडायचा. का? कारण तळं उद्या भरलेलं ठेवणारे मासे त्या मधल्या मापात असतात. १९९२ साली याच तळ्यात टेक्सासचा विक्रमी बास मिळाला. १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो.

फेब्रुवारी ते एप्रिल हा तिकडचा विणीचा काळ. पाणी जरा कोमट झालं की बास खोल पाण्यातून काठाच्या उथळ पाण्यात येतो. नर शेपटीने तळ साफ करून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अंड्यांची, मग पिल्लांची राखण करतो. हौशी लोकांची गर्दी नेमकी याच दिवसांत. कारण घरट्यावरचा मासा जवळ आलेल्या कशावरही धावून जातो, सहज गळाला लागतो. हे योग्य की अयोग्य यावर त्यांच्यातही भांडणं आहेत. ते लोक काही संत नाहीत. पण भांडण सुरू होण्याआधी नियम आहे, नियम पाळून घेणारा माणूस आहे आणि नियमाला पैसा आहे. पैसा कुठून? १९५० सालच्या एका केंद्रीय कायद्याने गळ, काठी, रीळ वगैरे सामानावर कर लावला आणि तो पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठीच द्यायचा असं ठरवलं. मासे धरणाराच माशांचा खर्च भरतो.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ यांची वीण पावसाळ्यात. उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा मासा उरलेल्या डोहांत आणि जुन्या नदीपात्रात गोळा होतो. वैशाख-ज्येष्ठात माद्यांच्या पोटात अंडी तयार होत असतात. मृगाचा पहिला लोंढा आला की मासा वाहत्या पाण्याकडे वर चढतो. एक किलोची रोहूची मादी साधारण दोन ते तीन लाख अंडी देते. सगळी जगत नाहीत, फार थोडी जगतात. म्हणून तर लाखांत घालते ना ती.

आणि नेमकं याच दिवसांत आपण काय करतो? पाणी कमी, मासा एका जागी, म्हणून बारीक आसाची जाळी. वडाप. काठावर राहणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. ज्या जाळ्याच्या आसातून करंगळीसुद्धा धड जात नाही, ते जाळं पाण्यातून ओढलं की मागे काहीच उरत नाही. बोटभर रोहू, बोटभर कटला, चिलापीची पिल्लं, सगळं एका ढिगात. यातलं ताटात जाणारं थोडं. बाकी काठावर उन्हात पसरायचं, वाळवायचं आणि पोती भरून खाद्याच्या धंद्याला. पुढच्या वर्षी किलोचा झाला असता तो मासा आज मूठभर पावडर होतो.

हिशेब अगदी साधा आहे. समजा एका किलोत वीस पिल्लं बसली. वीसच्या वीस जगणार नाहीत, मान्य. चारच जगू द्या. वर्षाने ती चार पिल्लं तीन-चार किलो मासळी देतील आणि भाव मोठ्या मासळीचा मिळेल. आज ते किलोभर मातीमोल जातात. हे मामांना कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पण मामांनी चार बोटांच्या आसाचं जाळं लावलं आणि त्यांच्या मागून आलेल्या टोळीने वडाप ओढला, तर मामांनी सोडलेली पिल्लं टोळीच्या पोत्यात जातात. प्रामाणिक माणूस एकटा पडला की त्याचा प्रामाणिकपणा दुसऱ्याच्या धंद्याचं भांडवल होतो. हे थांबवणं एकट्या मासेमाराच्या हातात नाही. त्याच्यासाठीच सरकार नावाची गोष्ट असते.

आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. राज्याने २०२३ साली समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचं नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कारण तो विणीचा काळ. किनाऱ्यावर हे सगळं काटेकोर पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. तिथले मित्र हसतील. पण निदान तत्त्व मान्य झालं आहे की पिल्लू धरायचं नाही आणि विणीला हात लावायचा नाही. मग पापलेटाला जो न्याय, तो रोहूला का नाही? गोड्या पाण्यातल्या माशाला आई-बाप नसतात का?

कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा १८९७ सालचा. कोणत्या जाळ्याचा आस किती असावा, कुठल्या पाण्यात ठरावीक काळ मासेमारी बंद ठेवावी, याचे नियम करायचा अधिकार त्या कायद्याने राज्याला दिला. सव्वाशे वर्षं झाली! त्याच मूळ कायद्यात सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणाऱ्याला जास्तीत जास्त दंड होता दोनशे रुपये. आज दोनशे रुपयांत दोन माणसांचा धड नाश्ता होत नाही.

आता येतो आवडत्या विषयाकडे. बीज सोडण्याचा कार्यक्रम.

१० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. १९५७ साली या दिवशी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागायचं. त्या शोधामुळे आज देशभर तळ्या-धरणांत सोडायला बीज मिळतं. एवढा मोठा माणूस, एवढं मोठं काम. आणि आपण त्याचं काय केलं? फेटे, हार, माईक, बादली. साहेब बादली तिरकी करतात, फोटोग्राफर म्हणतो "साहेब, जरा इकडे बघा", आणि पिल्लं पाण्यात. दुसऱ्या दिवशी बातमी: धरणात लाखो मत्स्यबीज सोडले.

त्या बातम्या मी स्वतः केल्या आहेत. चार कॉलम, फोटोसह. एकदाही विचारलं नाही की हे मोजले कुणी? आकार काय होता? मत्स्यजिरे होते, बीज होतं की बोटुकली? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जिरे म्हणजे नुकतं जन्मलेलं, जेमतेम दिसणारं पिल्लू. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं. एवढ्या मोठ्या पाण्यात जिरे सोडणं म्हणजे आधीच असलेल्या माशांना खाऊ घालणं. मोठ्या जलाशयात निदान चार इंची बोटुकली सोडावी, तरच ती टिकते. हा प्रश्न मी त्या वेळी विचारायला हवा होता. नाही विचारला. जेवण चांगलं होतं. ही माझी चूक, आणि ती इथे लिहून ठेवतो.

पण समजा बोटुकलीच सोडली. मोजूनही सोडली. पावसाळ्यात हार घालून सोडलेलं ते पिल्लू दिवाळीनंतर वडापात सापडणार असेल तर तो कार्यक्रम कशासाठी होता? ज्या पैशातून बीज विकत घेतलं तो पैसा तुमचा-माझा. म्हणजे आपण पैसे भरून मासे सोडायचे आणि चार-दोन जणांनी पोती भरून खाद्याला विकायचे. याला योजना म्हणायचं?

मध्ये कधीतरी कारवाईही होते. होडीभर जाळी जप्त, काठावर पेटवतात, धूर निघतो, त्याचाही फोटो येतो. पकडला जातो तो रोजंदारीवर जाळं ओढणारा पोरगा. जाळं विकत घेऊन देणारा, उचल देणारा आणि माल उचलणारा यांच्यापैकी कुणाचा फोटो पाहिलाय तुम्ही कधी? मी नाही पाहिला. एकदा अशाच बारीक मासळीच्या पोत्यांची बातमी केली. एका संबंधित कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, "लेखी तक्रार द्या." लेखी दिली. आठवड्याने मला फोन आला, तो कार्यालयाचा नव्हता. "पत्रकार, गरिबाच्या पोटावर कशाला पाय देता?" आवाज गरिबाचा वाटला नाही. असो.

ज्यांच्या नावाने हे "गरिबाचं पोट" पुढे केलं जातं, त्यांची अवस्था बघा. मामांचा थोरला पोरगा चाकणला कंपनीत कंत्राटी कामावर गेला. धाकटा जायच्या तयारीत. आज जाळ्यात येते ती जास्त करून चिलापी. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला. त्याची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तो कशाही पाण्यात टिकतो. वर पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. त्यात भर म्हणून कुणाच्या तरी काचेच्या टाकीतून सुटलेला तो काटेरी हेलिकॉप्टर मासा. ना खायला, ना विकायला, जाळं मात्र फाडतो. एवढं सगळं सोसून जो मासा उरतो, त्याचं पिल्लूही आपण उरू देत नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा लेख वाचून कुणी उत्साही माणूस म्हणेल, "मग आपल्याकडेही बास आणू या, पर्यटन वाढेल." नको! चिलापी झाली, बंदी असलेला आफ्रिकन मांगूर झाला, हेलिकॉप्टर झाला. पुरे. तिकडचा मासा नको, तिकडची पट्टी आणा. मोजपट्टी.

दुसरी कॉमेंट येणार: "ते हौसेला धरतात, आपले पोटाला धरतात. तुलनाच चुकीची." अर्धं खरं आहे. टेक्सासचा माणूस मासा सोडून घरी जातो आणि फ्रीजमधलं खातो. मामांचं तसं नाही. पण याचा अर्थ उलटा निघतो. हौसेचा मासा संपला तर हौस संपेल. पोटाचा मासा संपला तर पोट उपाशी राहील. नियमाची गरज जास्त कुणाला आहे?

तिसरी कॉमेंट: "आपल्या लोकांना शिस्त नाही." हे मला अजिबात मान्य नाही. महाडजवळ वाळण कोंडीला जाऊन या. वरदायिनी देवीच्या डोहात महाशीर मासे आहेत, हाताच्या अंतरावर येतात, लोक त्यांना खाऊ घालतात. कुणी धरत नाही. तिकडे वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या मंदिराजवळ वैतरणेतही तेच. तिथे ना गार्ड, ना दंड, ना जीआर. पिढ्यान् पिढ्या मासा टिकला. म्हणजे आपल्या माणसाला मासा राखता येतो. जो मासा देवाचा आहे तो आपण राखतो, जो सरकारचा आहे तो लुटतो. कारण सरकारचा म्हणजे कुणाचाच नाही, हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे, आणि ते सरकारनेच बसवलं आहे.

मग करायचं काय? माझ्या मागण्या अशा:

१. पाण्यात होड्यांमागे पळू नका, लिलावावर उभे राहा. मासा शेवटी बाजारातच येतो. प्रत्येक बाजारात किमान मापाचा फलक आणि पट्टी लावा. मापापेक्षा लहान रोहू-कटला-मृगळ विकत घेणाऱ्यावर गुन्हा दाखल करा, ओढणाऱ्या पोरावर नव्हे.

२. जून-जुलैत धरणातही विणीची बंदी. पण फुकटची नाही. आज केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी गरीब मासेमाराला तीन महिन्यांचे ४,५०० रुपये मिळतात आणि त्यातले १,५०० त्याने स्वतः भरलेले असतात. महिन्याला दीड हजारात घर चालवून दाखवा, मग बंदीवर भाषण करा.

३. धरणाच्या जुन्या पात्रातले काही डोह कायमचे राखीव ठेवा. ठिकाणं स्थानिक मासेमारांना विचारून ठरवा. त्यांना मासा कुठे वितो हे नकाशाशिवाय माहीत आहे.

४. बीज सोडायचं तर बोटुकली सोडा. किती, कोणत्या मापाची, कुठून आणली, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. मोजताना मासेमारांचे दोन प्रतिनिधी हजर हवेत. फेटे नसले तरी चालतील.

५. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलं केलं. पण शेतात कोवळं पीक चोरून कापणाऱ्याला आपण चोर म्हणतो. पाण्यातल्या पिकाला तोच न्याय द्या.

आणि शेवटची मागणी तुमच्याकडे, म्हणजे आपल्या सगळ्यांकडे. मृग तोंडावर आला आहे. पहिला पाऊस पडला की ओढ्या-नाल्यांवर गर्दी होईल. काठ्या, मच्छरदाण्या, टोपल्या. चढणीचे मासे धरायला. लहानपणी मीही गेलो आहे, त्याची मजा मला माहीत आहे. पण तो मासा अंडी घालायला वर चाललेला असतो. पोट चिरलं की आत गाभोळी निघते आणि आपण खूश होतो. यंदा तेवढा मासा जाऊ द्या. निदान हातात धरून रील तरी टाकू नका, कारण एक रील बघून पन्नास जण मच्छरदाणी काढतात. बाजारात बोटभर रोहू दिसला तर घेऊ नका, आणि विकणाऱ्याला का घेत नाही ते तोंडावर सांगा.

परवा मामांना पुन्हा भेटलो. हे सगळं लिहितोय म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, "लिव्ह. पर माजं नाव घालू नको. मला त्याच पाण्यात जायचंय."

नाव घातलेलं नाही. पण ज्या माणसाला मासा वाचवा एवढं म्हणायला भीती वाटते, त्याच्या पाण्यात चाललंय काय, हे विचारायचं काम तुमचं-माझं आहे. काठावरच्या गावात राहत असाल तर येत्या ग्रामसभेत पहिल्या दोन मागण्यांचा ठराव मांडा. मांडलात तर मला कळवा. त्याची बातमी मी करतो, आणि या वेळी प्रश्न विचारून करतो.